आत्यानं सुचवलेलं नाव

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि अक्षर ओळीवर राहत नाही, खाली उतरत जातं. कोणी हे वाचलंच तर माफ करावं. मुलाची कॉलेजातली अर्धी कोरी वही घरात पडून होती, तिच्यात लिहिते आहे. तोंडानं सांगणं मला जमणार नाही.

मला एक मुलगी आणि तिच्या पाठचा एक मुलगा. मुलांचे वडील लवकर गेले. धंतोलीतल्या एका बाळंतपणाच्या दवाखान्यात मी आया म्हणून लागले. तिथं नावावरून होणारी भांडणं रोज कानावर पडत. बाप एक म्हणे, आजी दुसरं म्हणे, आणि बाळाची आत्या दारातूनच ओरडे, "मी आल्याबिगर कोणी नाव काढायचं नाही." शेवटी आत्याचंच चाले. बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्यावर आमच्यातल्या पुष्कळ रीती सुटल्या, ही मात्र राहिली. नावाची किंमत मला ठाऊक आहे. माझं जन्माचं नाव कचऱ्यावरून ठेवलेलं होतं. दीक्षेच्या वर्षी नणंदेनं ते बदललं. तेव्हापासून कोणी हाक मारली तर मी मान वर करून पाहू लागले.

मुलगा हुशार निघाला. खाणीचं इंजिनिअरिंग शिकायला त्याला पोलंडची शिष्यवृत्ती मिळाली. तिकडचा खर्च तिकडचं सरकार करणार, पण विमानाचं तिकीट आणि गरम कपडे आपले. इकडून तिकडून जमवून झालं, तरी थोडे पैसे कमी पडत होते. मुलीचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. तिनं गळ्यातली एकदाणी काढली आणि भावापुढे ठेवली. तिच्या अंगावर तेवढंच सोनं होतं.

"ताई, कमावता झालो का पै न् पै देतो तुले," तो म्हणाला.

"मले पैसे नको. तुह्या लेकराचं नाव मी ठेवीन. तेवढं कबूल कर."

"अवं, लग्नाचा पत्ता नाही अन् लेकराचं नाव!"

"कबूल कर म्हणते ना गा."

"कबूल बाप्पा, कबूल."

आम्ही तिघंही हसलो. तिघं मिळून हसल्याचं मला तेच शेवटचं आठवतं.

तो तिकडेच राहिला. तिथल्याच मुलीशी लग्न केलं, फोटो पाठवला. इकडे माझ्या मुलीला मूल झालं नाही. दोन वर्षं गेली, पाच गेली, आठ गेली. तिची सासू आल्यागेल्याला ऐकवायची, "आमच्या सुनेचा गळाही मोकळा अन् कूसही." मुलगी ऐकून घ्यायची. रविवारी दुपारी माझ्याकडे दवाखान्यात यायची आणि दुसऱ्यांची बाळं पाहत बसायची.

मग मुलाचं पत्र आलं. बायकोला दिवस गेले होते. त्यानं लिहिलं होतं, नाव असं पाहिजे की पोलंडच्या माणसांना म्हणता यावं आणि इंग्रजांनाही, कारण पुढे त्यांना इंग्लंडला जायचं होतं. खाली लिहिलं होतं, "ताईला विचार. मी कबूल केलं होतं."

मुलीनं ते पत्र चारदा वाचलं. भावाची सगळी जुनी पत्रं काढून तिकडच्या बायकांची नावं शोधली. त्याची बायको, सासू, मेव्हणी, सगळ्यांच्या नावाच्या शेवटी आ. मग तिनं मला एक नाव सांगितलं. दोनच अक्षरांचं, त्याच्याही शेवटी आ. सांगताना ती खिडकीकडे पाहत होती. ते तिनं स्वतःच्या मुलीसाठी जपून ठेवलेलं होतं. आठ वर्षांत मलासुद्धा कळू दिलं नव्हतं.

आमच्या दवाखान्यातल्या नर्सबाई मिशनच्या शाळेत शिकलेल्या. मुलीनं त्यांना विचारलं. त्यांनी ते इंग्रजी चालीवर तीन-चारदा म्हणून पाहिलं. म्हणाल्या, "एकदम सोपं आहे. कोणाचीच जीभ अडकणार नाही."

"अन् मुलगा झाला तर?" मी मुलीला विचारलं.

"होतच नाही मुलगा. पोरगीच आहे."

पत्र मीच लिहायचं ठरलं, कारण आईच्या हातचं बरं दिसतं. काही मागितलं की शेवटी 'तुमची मर्जी' म्हणायचं, अशी मला जन्माची सवय. दवाखान्यात रजा मागतानाही मी तसंच म्हणते. सून परक्या देशातली, पहिलटकरीण, तिच्यावर जोर कसा करायचा, असं मनात आलं. हे नाव मुलीनं कोणासाठी जपलं होतं ते लिहायला हवं होतं. ते कसं लिहावं मला सुचेना. कागदही भरत आला होता. मी एवढंच लिहिलं, "ताई म्हणते हे नाव ठेवावं. नाहीतर तुमच्या मनाला येईल ते ठेवा."

"नीट लिहिलं ना वं माय?" मुलीनं विचारलं.

"लिहिलं," म्हटलं आणि पाकीट चिकटवलं.

मुलगी झाल्याची तार आली. माझी मुलगी सीताबर्डीहून पेढे घेऊन आपल्या गल्लीत घरोघरी गेली आणि भाचीचं नाव सांगून आली. सासूलाही सांगितलं. बायका थट्टा करत होत्या.

"काय आत्याबाई, भाची मराठी बोलन का इंग्रजी?"

"ते काहीबी बोलो. मी हाक मारली का ते मागं वळून पाहीन."

बरोबर चोवीस दिवसांनी पत्र आलं. बाळाला बायकोच्या आजीचं नाव ठेवलं होतं. लिहिलं होतं, दोन्ही भाषांत चालतं. आणि पुढे, "तू लिहिलं होतंस तसं आम्ही मनाला येईल ते ठेवलं. ताईला सांग."

मी ते पत्र लुगड्यात लपवलं. मुलगी आली तेव्हा तोंडीच सांगितलं.

"काहून पण? माह्यं नाव म्हणता येत नव्हतं का त्याइले?"

"येत नसन," मी म्हटलं.

"नर्सबाई तर सोपं म्हणे." मग म्हणाली, "त्याइनं काय ठेवलं?"

मी सांगितलं. मला ते धड म्हणता आलं नाही. तिनं ऐकलं आणि पहिल्याच खेपेला नीट म्हटलं.

"मले तर येते त्याइचं म्हणता," ती म्हणाली.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं.

गल्लीत तिला विचारू लागले, "आत्याबाई, नाव बदललं म्हणे?" सासू म्हणाली, "पेढे वाया गेले." मुलीनं रविवारी येणं बंद केलं. महिन्याभरानं कळलं, तिनं भावाला आपल्या हातानं पत्र लिहिलं होतं. 'तेव्हा मी पैसे नको म्हटले होते. आता पाहिजे. माझी एकदाणी परत कर.'

मुलगा वाईट नाही. त्यानं मला विचारलं, ताई एवढी कशी बदलली, तिच्या सासरचे शिकवतात का? मी त्याला पावसापाण्याचं लिहिलं. तिला वाटतं भावानं शब्द मोडला. भावाला वाटतं बहीण सोन्यासाठी उलटली. मधलं एक वाक्य माझ्या मनचं आहे; मुलीला ते ठाऊकच नाही, आणि मुलाला वाटतं ते ताईनं सांगूनच लिहिलं. ते सांगितलं तर मुलगी माझ्याकडे पुन्हा पाहणार नाही. न सांगूनही ती कुठे पाहते?

त्यानं हप्त्यांनी पैसे पाठवले, आधी पोलंडहून, मग इंग्लंडहून. आजच्या सोन्याच्या भावानं हिशेब केला, एक रुपया कमी नाही. तीन वर्षं लागली. पैसे माझ्या नावावर यायचे आणि मुलगी बँकेच्या पायरीवर येऊन घेऊन जायची. त्या पैशांची एकदाणी तिनं केली नाही. भाचीचा फोटो मी दर वेळी पिशवीत नेत होते. तिनं मागितला नाही, मी काढला नाही.

शेवटचा हप्ता परवा आला. तिनं नोटा दोनदा मोजल्या, रुमालात बांधल्या.

"फिटलं," म्हणाली आणि रिक्षात बसली.

घरी येऊन मी मुलाला पत्र लिहिलं. ताईचे पैसे पूर्ण पोचले. त्याखाली खूप जागा उरली होती. ती तशीच ठेवली.