उमापूर ते बीड, बरणीभर डासांसह

प्रवासवर्णन लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. बीडहून आल्यापासून लिहायला बसतो आणि टाकीकडे बघत राहतो.

टाकी आमच्या दूध सोसायटीची. दुष्काळात निम्मं गाव आणि सगळी जनावरं तिच्यावर. तिच्यात डासांच्या अळ्या सापडल्या, गावात हिवताप निघाला, आणि आरोग्यवाले भाऊ म्हणाले, टाकी रिकामी करा. देखरेख माझ्याकडे, त्यामुळे माझी झोप उडाली. मग भाऊंनीच सुचवलं, "तात्या, सारख्या दिसणाऱ्या डासांत एक जात बहुतेक गुरांनाच चावती. ती निघाली तर टाकी वाचंल. बीडच्या कॉलेजातल्या मॅडम गुणसूत्रं बघून जात सांगत्यात."

"किती गुण जुळावे लागतात?"

"लग्न न्हाई जमवायचं, तात्या."

पहाटे गोठ्यात नळीने ओढून पोट भरलेल्या माद्या धरल्या. लोणच्याची बरणी, तोंडाला मच्छरदाणीचं कापड, वरून ओला पंचा. पोटातलं रक्त अर्धं पचलेलं असतानाच मादी कामाची. लवकर नेली तर कच्ची, उशिरा नेली तर वाया.

गेवराईपर्यंत जीप, पुढे एसटी. हातात बरणी असेल तर जीपमध्ये मागे बसू नका.

कंडक्टर म्हणाला, "तुमचं पंच्याहत्तरीचं फुकट हाय. बरणीत काय?"

"डास. सगळ्या माद्या."

"मग अर्धं तिकीट लागंल. बायांना सवलत हाय."

शेजारचा माणूस चिडला. "माणसाला प्यायला न्हाई, अन् डासाला ओला पंचा? कावून लाड करायलाव, काका?"

"ह्या मेल्या तर आमच्या टाकीचं पाणी ओतून द्यावं लागंल."

थोड्या वेळाने स्वतःच्या बाटलीतलं पाणी त्याने पंच्यावर शिंपडलं.

बीडला स्टँडबाहेर गरम भजी मिळतात. मी एका हातानं खाल्ली.

मॅडमनी मादीच्या पोटातलं इवलंसं काहीतरी रंगवून काचेखाली दाबलं आणि दुर्बिणीतून दाखवलं. उसाच्या कांड्यांसारखे पट्टेच पट्टे. दुसऱ्या काचेवर तसाच ऊस, पण मधलं एक टिपरू काढून उलटं बसवल्यासारखं.

"हाच फरक," मॅडम म्हणाल्या. "बाहेरून काही कळत नाही. तुमच्या बहुतेक माद्या गुरांना चावणाऱ्या आहेत. पण तीन हिवताप पसरवणाऱ्या जातीच्या निघाल्या."

"टाकीतून तेवढ्या तीन काढता येतील का?"

मॅडम हसल्या. "टाकी ओतू नका, बाबा. नीट झाका आणि गप्पी मासे सोडा. ते अळ्या खातात."

आता कानाशी डास गुणगुणला की हात उचलतो आणि थांबतो. ही गाईकडे निघालेली असली तर?

भाऊंनी पुढचा टँकर येईपर्यंत मुदत दिली आहे. तोवर मासे नाही मिळाले तर टाकी ओतायची. आमच्या विहिरी, तळी कोरडी. मासे आणायचे कुठून? गेवराई, चौसाळा, बीड, कुठल्याही हौदात गप्पी असतील तर मूठभर पुरेत, मीच न्यायला येईन. आयुष्यात पहिल्यांदा टँकर उशिरा यावा असं वाटतंय. लवकर कळवा.