वैजनाथनं उचललेला बेल

बिलोलीच्या बाजारामागं वैजनाथची पिठाची गिरणी आहे. माणूस गरीब गाय, पण शब्दाचा असा पक्का की विचारू नका. तेच त्याला नडलं.

सात वर्षांमागं, मतदान तोंडावर आलेलं असताना त्याच्या पक्षाचे पुढारी अमृतराव साहेबांनी वैजनाथसकट तीसेक कार्यकर्त्यांना महादेवाच्या देवळात नेलं. बेलाचं पान आणि भंडारा एकेकाच्या हातात देऊन शपथ घ्यायला लावली, की आपण फुटायचं नाही आणि समोरच्या पक्षातल्या माणसाच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. साहेबांनी स्वतः काही बेल उचलला नाही, पण हे त्या गर्दीत ध्यानात कुणाला येतंय? बाकीचे निकाल लागला तसे शपथ विसरले. निवडणुकीतली शपथ काय धरून बसायची असते? वैजनाथ मात्र बसला. आणि त्याची थोरली बहीण राजकन्या नेमकी समोरच्या पक्षातल्या अमरेशरावांना दिलेली.

तेव्हापासून भाऊबीजेला राजकन्याच गिरणीवर यायची. ओवाळून जायची, बोल लावायची नाही. गेल्या वर्षी तिची लेक शिवांगी लातूरला उजवली. "मामा, माझ्या पाठीमागं तुम्हीच उभं राहायचं," पोरगी फोनवर रडली. अंतरपाट धरला की नवरीच्या पाठीशी मामा लागतोच. पण मांडव अमरेशरावांचा, तिथलं पाणी कसं चालावं? वैजनाथ गेला नाही. त्या दिवशी त्यानं एकच दळण दोनदा दळलं, आणि गिऱ्हाईक बोललं तरी त्याला कळलं नाही.

आणि परवा साहेब समोरच्या पक्षात गेले. स्टेजवर त्यांच्या गळ्यात हार घालणारे कोण, तर अमरेशराव! वैजनाथनं मोबाईलवर पाहिलं आणि साहेबांना फोन लावला.

"साहेब, मी उचललेल्या बेलाचं काय करू?"

"कसला बेल रे? तू बी ये की इकडं. आपलेच हायत सगळे."

झालं. सात वर्षांचा निकाल असा एका वाक्यात लागला. लाज नावाची चीज ह्या लोकांनी कधीच विकून खाल्ली, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी वैजनाथ बहिणीच्या दारात जाऊन उभा राहिला. राजकन्येला काय करू अन् काय नको झालं. तिनं पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला. तेवढ्यात त्याची नजर भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोवर गेली. शिवांगीच्या पाठीमागं, मामाच्या जागी, फेटा बांधून अमृतराव साहेब उभे होते.

"अक्का, हे कवा आले?"

"तुझी वाट बघून बघून मुहूर्त टळू लागला," ती खालच्या आवाजात म्हणाली. "साहेब तुझ्या दाजीसंगं पक्षाची बोलणी करायला लातूरला आले होते. म्हनले, वैजनाथ माझाच माणूस हाय, त्याच्या जागी मी उभा राहतो. तुला लागंल म्हणून सांगितलं न्हाई."

"जेवले?"

"पोटभर. मीच वाढलं."

वैजनाथ फोटोकडं बघत राहिला.

"पी की रे पाणी," राजकन्या म्हणाली. "आता कुणाची आडकाठी हाय?"

कुणाचीच नव्हती. त्यानं तांब्या तोंडापर्यंत नेला, आणि न पिताच फोटोखाली ठेवून दिला.