उघडत्या पुलाचा मिस्त्री

घंटा वाजते. रस्त्याच्या दोन्ही टोकांना लाल-पांढरे आडवे दांडे हळूच खाली येतात. सायकलवाले, हातगाडीवाले, शाळेतून परतणारी मुलं, सगळे आपापल्या जागी उभे राहतात. उशिरा आलेला एखादा वाकून दांड्याखालून पुढे घुसू पाहतो, तेव्हा काचेच्या केबिनमधून आवाज येतो, "अहो टोपीवाले, मागे व्हा. खेळ सुरू झालाय." आणि मग नदीवरचा रस्ता एका बाजूनं उचलला जातो. कठड्यासकट, पांढऱ्या पट्ट्यांसकट अख्खा रस्ता आभाळाकडे तोंड करून उभा राहतो, आणि त्याच्यामागून, राजानं प्रवेश घ्यावा तशी, एक होडी येते.

मी नाटकात उभं आयुष्य काढलं. पडदे पुष्कळ वर जाताना पाहिले. पण एवढा मोठा पडदा हाताळणारा माणूस एकच पाहिला, आणि तो आमच्या कंपनीत तयार झाला याचा मला अजून ताठा आहे.

त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. कंपनीत तो दोरावर होता. आमचा राजवाड्याचा रंगवलेला पडदा म्हणजे एक धूड होतं. पण दोराच्या दुसऱ्या टोकाला तेवढ्याच वजनाचं लोखंड टांगलेलं असायचं, त्यामुळे मिस्त्री तो दोन बोटांनी वर न्यायचा. नवी नटी विंगेत उभी असली तर एका बोटानं. आमचा रंगारी मात्र दर मोसमात जुन्या चित्रावरच नवं चित्र काढी. पडदा जड होई आणि मिस्त्री भडके. "मला वजनं वाढवायला सांगू नका," तो म्हणायचा, "वरची तुळई म्हातारी आहे. आधीचा रंग धुऊन काढा." रंगारी म्हणे, तुला कलेतलं काय कळतं? मग दोघं आठवडाभर एकमेकांशी बोलत नसत. निरोप माझ्यामार्फत चालत.

कंपनी बंद पडली. आम्ही कुठे कुठे पांगलो, आणि मिस्त्रीला या पुलावर नोकरी मिळाली. पहिल्याच दिवशी तो माझ्याकडे आला तो डोळे विस्फारून. "ताई, हे आपलंच काम आहे. फक्त दोर नाही." मला त्यानं बशी आणि चमच्यानं समजावून सांगितलं. पुलाचा उघडणारा भाग, ज्याला तिथली माणसं 'पान' म्हणतात, तो एका जाड लोखंडी आसावर बसवलेला. आसाच्या पुढे रस्ता. मागे, रस्त्याखालच्या खड्ड्यात, काँक्रीटचा भलामोठा ठोकळा. तो पासंग. दोन्हीकडची वजनं जमलेली असली की मोटारीनं नुसतं बोट लावायचं, रस्ता आपणहून उठतो.

पूल तेव्हाच म्हातारा होता. मिस्त्रीनं त्याला दत्तकच घेतला म्हणा. वंगण, नट, वायसर, दिवे, सगळं वेळच्या वेळी. पण त्याचा जीव होता रंगावर. गंजाचा त्याला असा राग की जणू तो घरात शिरलेला चोर. दर वर्षी अख्ख्या पानाला एक हात रंग, कुणी मागो न मागो. रंगाच्या खोलीची किल्ली त्याच्या कमरेला करगोट्यासारखी. कुणाला हात लावू द्यायचा नाही. घरी भिंतींचे पोपडे पडत होते आणि त्याची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवून म्हणायची, "आम्ही जरा नदीवर आडवं पडून बघावं म्हणते. म्हणजे आमच्याकडे लक्ष जाईल."

असा हा पूल एकाएकी कुरकुरू लागला. एकाएकी कसला, बरेच दिवस त्याची चाल मंदावली होती, पण म्हाताऱ्याला दम लागतो तसं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं. मोटार जळाली. नवी आणली, तीही कण्हू लागली. वीज गेली तर पान उघडता यावं म्हणून केबिनमध्ये हातानं फिरवायचं एक चाक आहे. एकदा होड्या खाली अडकल्या तेव्हा चार गडी त्या चाकाला लोंबकळले तरी ते हलेना. शेवटी कचेरीतून हुकूम आला. महिनाअखेर चाचणी होईल. पूल सुरळीत उघडला तर ठीक, नाहीतर पान कायमचं वेल्डिंग करून जोडून टाकायचं. रस्ता राहील, पूल उघडणार नाही.

वरच्या अंगाला होड्या दुरुस्त करणाऱ्यांचे कारखाने आहेत. पूल उघडला नाही तर त्यांच्याकडे होडी येणार कुठून? ती माणसं हवालदिल झाली. आणि मिस्त्री? त्याला कुणी सांगितलं असतं की तुझ्या घराचं दार उद्यापासून भिंत होणार आहे, तर त्यानं एवढं मनावर घेतलं नसतं. पण चेहऱ्यावर काही नाही. होडीवाल्यांना तो म्हणाला की जा, आपापली कामं करा, पूल उघडेल. इतक्या ठामपणे म्हणाला की ते खरोखरच गेले.

आता गंमत ऐका. तपासणीचं काम ज्या इंजिनिअरबाईंकडे आलं, त्या मिस्त्रीच्या सूनबाई. तिनं साहेबांना सांगून पाहिलं की घरचं माणूस आहे, दुसऱ्या कुणाला द्या. साहेब म्हणाले, दुसरं आहेच कोण? मग तिनं पदर खोचला. पान कसंबसं अर्ध्यावर नेऊन ब्रेकवर धरलं, मोटार सोडवून बाजूला केली आणि ब्रेक हळूहळू सैल केला. वजनं जमलेली असती तर पान तिथंच तरंगत राहिलं असतं. ते नदीकडे झुकायला लागलं. तिनं ब्रेक पुन्हा आवळला, पानाच्या पोटाखाली शिरली, तासणीनं एक ढलपा काढला आणि रुमालात गुंडाळून घरी आणला.

त्या संध्याकाळी मी तिथे चहाला होते. तिनं कपबशांच्या मध्ये रुमाल उघडला.

"बाबा, हे बघा."

बिस्किटाएवढा जाड तुकडा होता, नुसत्या रंगाचा. कडेला पट्टेच पट्टे. मिस्त्रीनं चष्मा लावला आणि त्याचा चेहरा खुलला. हा निळा, मुलगा झाला त्या वर्षीचा, हा चंदेरी मोठ्या पुराच्या नंतरचा, हा करडा त्याला आवडला नव्हता पण दुकानात दुसरा नव्हता. कुणी जुना आल्बम दाखवावा तसा तो आम्हाला दाखवत सुटला.

"बघितलंस? एकही वर्ष चुकलेलं नाही."

"तेच म्हणतेय मी," सून म्हणाली. आवाज अगदी खालचा होता. "एकही चुकलं नाही. अख्ख्या पानावर एवढा थर आहे बाबा. वरून रस्तेवाल्यांनी जुनं न उखडता डांबरावर डांबर ओतलंय. पानावर एक भरलेला ट्रक कायमचा उभा आहे, आणि आपण मोटारीला शिव्या घालतोय."

मुलानं आपला कप उचलला आणि तो गॅलरीत गेला. बाप आणि बायको यांच्यामध्ये पडायचं नाही हे त्याचं धोरण आहे, आणि त्याच्या जोरावर त्याचा संसार फार सुखाचा चाललाय.

मिस्त्री डगमगला नाही. म्हणाला, त्यात काय, मागच्या खड्ड्यात जागा आहे, पासंगावर लोखंडाच्या लाद्या चढवू, दोन दिवसांचं काम. सून म्हणाली की चढवता येतील, पण पुढचं आणि मागचं, दोन्हीकडचं ओझं शेवटी त्या एकाच आसावर येणार, आणि आस पुलाइतकाच जुना आहे. मिस्त्री म्हणाला, आस बघ कसा आहे तो, तुझ्या कचेरीपेक्षा जास्त टिकेल.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "तुळई म्हातारी आहे, आधीचा रंग धुऊन काढा. हे कोण म्हणायचं रे?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भर प्रयोगात त्याचं वाक्य पळवलं होतं. त्याची बायको म्हणाली, "आता बोला." मिस्त्री तुकडा हातात घेऊन कडेवरून अंगठा फिरवत बसला, एकेका पट्ट्यावरून. चहा निवला. मग तो एकदम हसला, पोटापासून हसला.

"आमचा रंगारी आज असता ना ताई, तर त्याला केवढा आनंद झाला असता."

दुसऱ्या दिवशी सकाळी तासणी घेऊन पहिला तो पानाखाली शिरला. गडी मागून आले. जाणारे-येणारे विचारत, मिस्त्री, जन्मभर लावलात आणि आता काढताय होय? तो म्हणे, हो, लावणारा मीच होतो, मग काढणार कोण, तुमचा मेहुणा? सून तिकडे रस्तेवाल्यांशी भांडत होती. त्यांचं म्हणणं, डांबर घालणं हे त्यांचं काम, काढणं कुणाचं ते कागदावर नाही. ती रोज जाऊन त्यांच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसे. तिला टाळायला म्हणून त्यांनी अखेर माणसं पाठवली.

मी एक दिवस पाहायला गेले. खेळ संपल्यावर आम्ही आरशासमोर बसून चेहरा पुसायचो, तेव्हा रंगाखालून आपलं नाक, आपल्या भुवया परत यायच्या. तसा तो पूल दिसत होता. रंगात बुडालेली रिव्हेटांची डोकी एकेक करून वर येत होती, गोल, स्वच्छ. सूनबाईनं एका तुळईवरून हात फिरवला आणि सासऱ्याला हाक मारून म्हणाली की लोखंड नव्यासारखं आहे, कुठे खड्डा नाही, हे तुमच्या रंगानंच राखलं. मिस्त्रीनं नुसती मान हलवली, वाढलेलं ताट समोर आल्यावर हलवतात तशी. मग उघड्या लोखंडावर त्यानं एकच हात रंग दिला, पातळ. ब्रश डब्यात ठेवताना मात्र त्याची नजर परत परत पानाकडे जात होती.

चाचणीच्या दिवशी दोन्ही काठांवर माणसं. होडीवाले बायकामुलांसकट आलेले. साहेब केबिनमध्ये, सून खाली ब्रेकपाशी. घंटा झाली, दांडे आले. साहेबांनी मोटार सुरू करायला सांगितलं. मिस्त्री म्हणाला, मोटार राहू द्या. तो त्या हाताच्या चाकापाशी गेला, ज्याला चार गडी लोंबकळले होते. एक हात त्यानं पँटच्या खिशात घातला. मला हसू आलं, ती ढब मी विंगेतून किती वेळा पाहिली होती. दुसऱ्या हातानं त्यानं चाक फिरवलं.

रस्ता उठला. सावकाश उठला, पण कण्हला नाही. पान अर्ध्यावर आलं तेव्हा त्यानं चाक सोडून दिलं आणि खाली सुनेला ब्रेक सैल करायची खूण केली. पान होतं तिथंच राहिलं, ना पुढे ना मागे. मग ते त्यानं पुरतं वर नेलं, आणि खालून पहिली होडी भोंगा वाजवत निघाली.

साहेबांनी वेल्डिंगचा हुकूम तिथल्या तिथे रद्द केला. फार खुशीत होते. म्हणाले, पुढच्या महिन्यात वरून मोठी माणसं पाहायला येणार आहेत, मिस्त्री, पुलाला एक झकास चकचकीत हात मारून टाका.

मिस्त्रीचा हात सवयीनं कमरेला गेला आणि रिकामाच परत आला. त्यानं खाली सुनेकडे बोट दाखवलं.

"रंगाच्या खोलीची किल्ली तिच्याकडे दिलीय साहेब, तिला विचारा. माझ्याकडे राहिली तर मला मोह आवरत नाही."