डबऱ्यातली टिटवी

टिटवीनं अंडी घातली ती नेमकी आमच्या डबऱ्यात, मिरचीसाठी राखलेल्या तुकड्यात, आणि माझं डोकंच फिरलं.

नर्सरीतून आणलेली मिरचीची रोपं ट्रेमध्येच दारात ताटकळली होती. उंच, लुकडी व्हायला लागली होती. आणखी थोडे दिवस गेले असते तर ती शेळीपुढंच टाकावी लागली असती. नवरा बारामतीला कंपनीत, त्यामुळं शेती मी बघते. बघते म्हणजे राबते मी, ठरवतात सासरे, आमचे आबा.

आबांनी बांधावरूनच निकाल दिला. "सूनबाई, टिटवीनं उंचावर अंडी घातली तर लय पाऊस, खोलात घातली तर पाऊसच न्हाय. ही बसलीया डबऱ्यात. मिरची लावायची न्हाय."

"आबा, ते डबरं राहिलंय कुठं आता?"

मी लग्न करून शेळगावात आले तेव्हा तिथं खरंच डबरं होतं, म्हशी बसायच्या त्यात. मग आम्ही तलावातला गाळ आणून टाकला, इतका टाकला की आता रानात सगळ्यात उंच जागा तीच. पण नाव पडलं ते पडलं. आबांच्या लेखी ते अजून खोलच!

मी रोज त्या टिटवीला शिव्या घालायला म्हणून जायचे आणि बघतच बसायचे. अंडी उघड्या ढेकळांत, गवताची काडी नाही की आडोसा नाही, पण ठिपके असे की वीतभरावरून दिसायची नाहीत. भर उन्हाच्या कारात ती पाटावर जाऊन पोट भिजवून यायची आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसायची. घरचा कूलर! आभाळ पडलं तर झेलायला ती पाय वर करून झोपते असं आबा सांगतात. मला तरी ती कधी उताणी दिसली नाही. झाडावर मात्र कधीच बसली नाही. बरोबरच आहे, फांदी धरायला तिचं मागचं बोट नावालाच असतं.

शेवटी माझा संयम सुटला. पाइप ओढत नेला, अंड्यांपासून लांब, पण डबऱ्यातच पाणी सोडलं. पाणी सरळ उताराला लागलं आणि बांधाशी उभ्या आबांच्या चपला भिजल्या.

"बघा! खोल हाय का हे?"

आबा पाण्याकडं बघत राहिले. मला वाटलं, जिंकले.

"व्हय की गं. उंच हाय हे. मंजी यंदा लय पाऊस. मिरची कुजंल. नगं लावू."

अंगाचा असा तिळपापड झाला की पाइप तिथंच आपटला. पाऊस नाही म्हणून नको, पाऊस आहे म्हणूनही नको. टिटवीचं नुसतं निमित्त, नको म्हणायचं होतं ते मला.

दुसऱ्या दिवशी कुणाला न विचारता बाया बोलावल्या आणि लागण सुरू केली. अंड्यांभोवती तेवढी जागा सोडली. टिटवी किंचाळत डोक्यावर झेप घ्यायची, बाया पदर सावरत पळायच्या. आबा तोंड फुगवून बांधावर बसलेले. पण एक बाई मागं सरकली तशी तेच ओरडले, "ए, पाय बघून टाक! अंडी हायती तितं!"

मिरची रुजली, नवी पानं फुटली. एका सकाळी आबांनी हाक मारली. पिल्लं बाहेर आली होती, कापसाच्या बोंडाएवढी. दुपारपर्यंत ती काटकुळ्या पायांवर आईमागं चालायलाही लागली, स्वतःच किडे टिपत.

"आजच फुटली अन् आजच चालाय लागली?" आबा म्हणाले. "भरवावं सुदिक लागंना?"

"न्हाय लागत, आबा," मी म्हणाले. "अन् कुठं जायचं ते कुणाला इचारावंबी लागत न्हाय त्यांना."

आबांनी ऐकलं. पिल्लं सरीत दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "च्या टाक जरा."