मामांची गाडीवाट

आमच्या शेजारच्या मामांइतका रिकाम्या जागेत रमणारा माणूस अख्ख्या औरंगाबादेत दुसरा नसेल. चिकलठाण्याकडे नवे कारखाने उभे राहत होते, त्यांच्या भोंग्यांवर आमची नवी वसाहत उठत-झोपत होती, आणि जो तो अंगणात एखादी खोली वाढवून भाडेकरू शोधत होता. मामांनी मात्र फाटकापासून मागच्या शेडपर्यंत मोटारीसाठी वाट करायला घेतली. मोटार नव्हती. कारखान्यात ते सायकलवर जात. मी विचारलं तर म्हणाले, "आधी वाट नाय केली, तर गाडी येणार कुठून?"

मामा मेंढरं राखणाऱ्या घरातले, त्यामुळं जनावरांच्या मताला त्यांच्याकडे मोठा मान. स्वतः काही न करता कामावरच्या माणसांवर भुंकतो म्हणून कुत्र्याचं नाव मुकादम. शेळीनं गवंड्याची आखणीची दोरी खाल्ली, तेव्हा मामा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तिला सरळ वाट पटलेली नाय." त्या जागी वाटेला एक सुरेख वळण आलं. संध्याकाळी ते मुरमाच्या ढिगावर उताणे पडत आणि आभाळाकडे बघत मोटारीतून वेरूळला जाऊन येत.

एके सकाळी टिटवीनं खडीत अंडी घातली. मामांनी काम थांबवलं. गवंडी आणि त्याची बायको शेडमध्येच राहत. ती दोघं गावी जायला निघाली. नेमकं तेव्हाच विद्यापीठाच्या नामांतरावरून सगळा मराठवाडा पेटला. त्यांच्या गावची दलित वस्ती जाळल्याची बातमी आली. त्यांचं घर त्याच वस्तीत होतं. मामांनी त्यांचं गाठोडं उचलून परत शेडमध्ये ठेवलं.

वसाहतीतली दोन-तीन सभ्य माणसं मामांकडे आली. "काम तर बंद आहे," त्यांच्यातले एक म्हणाले, "मग ही माणसं कशाला ठेवता? उगाच आपल्यावर येईल."

"टिटवी बसलीय," मामा शांतपणे म्हणाले. "ती उठल्याबिगर काम नाय. अन् काम झाल्याबिगर गवंड्याला सोडीत नसतो मी."

तेवढ्यात टिटवी ओरडत त्यांच्या डोक्यांवरून अशी झेपावली, की मंडळी डोक्यावर हात धरूनच फाटकाबाहेर पडली.

पुढं अंडी फुटली आणि लोकरीच्या गोळ्यांसारखी पिल्लं आईमागं पलीकडच्या माळावर निघून गेली. मी कुंपणाशी उभा होतो. खडी रिकामी होती. मामांनी माझ्याकडे पाहिलं.

"बसलीय अजून," ते म्हणाले.

"हो, दिसतेय की," मी म्हणालो. नंतर विचारायला आलेल्या प्रत्येकाला मीही तेच सांगत राहिलो.

बऱ्याच काळानं सगळं निवळलं. गवंड्याचा भाऊ निरोप घेऊन आला, वस्तीत पुन्हा भिंती उभ्या राहत होत्या. गवंड्यानं मन लावून मामांच्या वाटेची फरशी पुरी केली आणि नवरा-बायको गावी गेली. मामा त्यांना मोठ्या रस्त्यापर्यंत पोचवून आले.

मी गेलो तेव्हा ते शेडमध्ये नुसतेच उभे होते. चुलीच्या धुरानं एक भिंत छतापर्यंत काळी झाली होती.

"रविवारी चुना मारू या का?" मी विचारलं.

मामांनी त्या काजळीवरून हळूच हात फिरवला.

"नगं," ते म्हणाले. "घर वाटतंय."