आत्या न आलेलं बारसं

हळदीकुंकवाला अंबरनाथच्या कंपनी क्वार्टर्समधल्या बायका ओट्या भरायला लागल्या की मला वगळून हळूच पुढच्या बाईकडे वळायच्या. मूल नव्हतं ना! शेवटी नव्वदच्या दशकात मुंबईच्या एका दवाखान्यात आमचा गर्भ काचेच्या बशीत वाढवून माझ्या पोटात ठेवला. सासूबाईंची अट एकच, बाहेर चकार शब्द काढायचा नाही. सगळ्यांना सांगितलं, नवस फळला.

मुलगा झाला. चांगला दणकट, बेंबी फुगलेली आणि जीभ तोंडात न मावणारी. झबली उल्हासनगरच्या बाजारातून वर्षाच्या मुलाच्या मापाची आणावी लागली. सासूबाईंनी बेंबीवर नाणं बांधलं. जिभेवर मात्र त्यांच्याकडे उपाय नव्हता, म्हणून ती कोणाकडून आली ते शोधत बसल्या. त्यांच्या घराण्यात अशी जीभ कुणाचीच नाही म्हणे! माझ्या माहेरचे बाळाला बघायला आले, तर या त्यांच्या तोंडांकडे टक लावून. तिथेही काही सापडेना, तेव्हा स्वयंपाकघरात माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "दुसऱ्याचंच आलं असेल. तिथे काय, ढीगभर बशा."

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्याने. नणंद पुढच्याच स्टेशनवर, बदलापूरला कात्रपमध्ये राहायची. तिचा निरोप आला, "आधी खात्री होऊ दे. परक्याच्या पोराला आमच्या घरचं नाव कसं देऊ?" नवरा निरोप ऐकून पाळण्याची दोरी बांधत राहिला. त्याच्या त्या गप्प बसण्याचा मला आजही संताप येतो. जमलेल्या बायकांना सासूबाईंनी सांगितलं, आत्याला ताप आहे. मग मीच पाळण्यावर वाकले आणि त्याच्या कानात नाव सांगितलं. बायका घुगऱ्या खाऊन गेल्या.

पुढे जिभेचं ऑपरेशन झालं, तो बोलायला लागला. दहावीत असताना एका डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांचं रक्त तपासून समजावून सांगितलं, "जनुकं धड आहेत. प्रत्येक जनुकाची एक प्रत आईची, एक वडिलांची. या ठिकाणी आईच्या प्रतीवर एक रासायनिक खूण असते, मिथिलेशन म्हणतात तिला. ती याच्यात अगदी सुरुवातीलाच पुसली गेली. बशीमुळेच, असं छातीठोक नाही सांगता येत, पण अशा मुलांत हे थोडं जास्त दिसतं. ती खूण नसली की तेवढ्या जागी दोन्ही प्रती वडिलांच्या प्रतीसारख्या वागतात आणि वाढ जास्त होते; त्याची जीभ, बेंबी, सगळं त्यातूनच."

"म्हणजे मुलगा माझाच ना?" नवऱ्याने विचारलं. "तुमच्या दोघांचाच," बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर सासूबाई एकदम खुलल्या. "मी म्हणतच होते, आमच्यावरच गेलाय! आता आत्याला बोलवा, राहिलेलं करून घेऊ."

पोटात वाढवलं मी, टोमणे खाल्ले मी, आणि पुसली गेली तीही माझीच खूण. माझ्या हातातलं भांडं ओट्यावर जरा जोरातच आपटलं.

मुलगा जेवत होता. मान वर न करता म्हणाला, "आजी, राहिलेलं काही नाही. माझं नाव आईने ठेवलंय."