देवपूरला गेलेली अर्धी गाडी

आमच्या आबांचा जीव दोनच ठिकाणी, बैलांवर आणि गाडीवर. पोटच्या पोरांचा नंबर त्यानंतर. गाडी काळी, जुनीच घेतलेली, आणि ती धुवायची तऱ्हाही बैलासारखीच: बादलीभर पाणी, मूठभर काथ्या आणि अंगातलं सगळं बळ. चिखल निघायचा, पण रंगावर असे बारीक ओरखडे पडायचे की उन्हात बोनेटवर कोळ्यानं जाळं विणलंय असं वाटावं. चोपड्याला माहेरी गेले की मी त्यावरून भांडायचे. आबा म्हणायचे, जनावर घासल्याशिवाय तुकतुकत नाही. आता यावर काय बोलणार, कपाळ?

माझा धाकटा भाऊ हे सगळं बघायचा आणि गप्प बसायचा. तो सगळ्याच बाबतीत गप्प. तीन मुली पाहून झाल्या. तिन्ही ठिकाणी प्रश्न याला विचारले आणि उत्तरं आबांनी दिली. शिक्षण किती, आबा. वांग्याचं भरीत आवडतं का, तेही आबाच. बोलणाऱ्याच्या एरंड्या विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, तसं आमचं सोन्यासारखं पोरगं तिशीला टेकलं तरी बिनलग्नाचं. मला तर त्याची काळजी लागून राहिली होती.

चौथी मुलगी धुळ्याची, देवपूरची. तिचा फोटो पाहून हा गालातल्या गालात हसला. आमच्या घरात ही मोठीच घटना. तेवढ्यावरून आबांनी जाहीर केलं की शहरातल्या लोकांपुढं गाडी चकाचक पाहिजे, आणि जळगावहून पॉलिशवाला बोलावला. त्याच्या मशीनला लोकरीची गोल गादी होती. पत्र्यावर मलम लावायचं, मशीन घरघर फिरवायचं. गादी काळी होत जायची आणि ओरखडे दिसेनासे व्हायचे. भाऊ त्याच्याजवळ उकिडवा बसून हळू आवाजात काय काय विचारत होता. डावी बाजू आरशासारखी झाली आणि लाईट गेली. निघायची वेळ झाली तरी आली नाही.

मग आबांनी डोकं लढवलं. देवपूरला गाडी अशी लावायची की डावी बाजू घराकडं येईल. तशी लावली. आत चहापोहे झाले. मुलीनं भावाला विचारलं, शेतात काय काय करता, आणि आबांनी केळीच्या खोडापासून घडापर्यंत सगळं सांगून टाकलं. मी डोळे वटारले, तर आबा चौघांत मलाच विचारतात, डोळ्यात काही गेलं का म्हणून.

निघताना घात झाला. मुलीचे वडील पोचवायला आले ते गाडीला वळसा घालून थेट उजवीकडं, गाडी चालवणाऱ्या होऊ घातलेल्या जावईबापूंसाठी, म्हणजे आमच्या भावासाठी, दार उघडायला. लख्ख ऊन, आणि जाळंच जाळं. त्यांनी ही बाजू पाहिली, ती बाजू पाहिली. आबा सुरू झाले, ऊन तिरपं आहे, झाडाची सावली पडलीय. आणि माझा भाऊ बोलला.

"सावली नाही. लाईट गेली, म्हणून अर्धीच झाली. आबा बैल घासायच्या काथ्यानं गाडी घासतात, त्याचे ओरखडे आहेत."

मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. चौथीही गेली. तेवढ्यात ओट्यावरून मुलीनं विचारलं, "मग मशीननं ते ओरखडे जातात कुठं?"

"जात कुठंच नाहीत. आजूबाजूचा रंग तासून त्यांच्या पातळीला आणायचा. म्हणून सारखं सारखं नाही करता येत, रंगच संपतो."

ती खाली आली. हा बोनेटवर हात फिरवून दाखवतोय, ती वाकून बघतेय, आणि आम्ही मोठी माणसं रस्त्यात खुळ्यासारखी उभी. बऱ्याच वेळानं ती वडिलांकडं वळली.

"बाबा, यांना बोलता येतं. माझं हो आहे."

मला वाटलं, परतताना आबा गाडी डोक्यावर घेतील. पण अमळनेर आलं तरी एक शब्द नाही. मग त्यांनी मागं वळून मला विचारलं, जसा काही भाऊ शेजारी नव्हताच.

"मी याले कधी बोलूच दिलं नाही का वं?"

माझी जीभ फटकळ, एरवी चार शब्द सुनावले असते. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि माझं मन भरून आलं. उत्तर भावानंच दिलं, रस्त्यावरची नजर न काढता.

"नाही दिलं, आबा."

आबा पुन्हा पुढं वळले.

"मंग आता बोल," ते म्हणाले, आणि घर येईपर्यंत त्यांनी खरोखरच तोंड उघडलं नाही.